सैतानाची उसनवारी

‘द ओमेन’ हा रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेला भयपट १९७६ साली प्रदर्शित झाला. त्याचे पार्श्वसंगीत जेरी गोल्डस्मिथ (१९२९–२००४) यांचे. ऑस्करसाठी अठरा वेळा नामांकन मिळालेल्या या अमेरिकन संगीतकाराच्या पदरात तो पुरस्कार एकदाच पडला, आणि तो याच कामासाठी. त्या वर्षी त्यांच्यासमोर बर्नार्ड हरमन यांची ‘टॅक्सी ड्रायव्हर’ आणि ‘ऑब्सेशन’ ही दोन पार्श्वसंगीते होती. हरमन नुकतेच, डिसेंबर १९७५ मध्ये, वारले होते. तरी कौल गोल्डस्मिथ यांच्या बाजूने पडला. चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर वाजणारे ‘आवे सातानी’ हे लॅटिन समूहगान सर्वोत्कृष्ट गीतांच्या नामांकनांतही होते. सैतानाचा जयजयकार करणारे गाणे त्या यादीत दिसावे, ही गंमतच. बक्षीस अर्थात ‘अ स्टार इज बॉर्न’मधल्या प्रेमगीताला गेले.

मोठ्या वाद्यवृंदाच्या काळोख्या, दाट पार्श्वसंगीताचा हा एक गाजलेला नमुना. त्याच्या निमित्ताने धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न पुन्हा विचारता येतो. संगीत माणसाला घाबरवू शकते हे कोणीही मान्य करील. पण संगीत दुष्ट असू शकते काय? दुष्टत्वाला स्वतःचा असा नाद आहे काय? भय आणि दुष्टत्व या दोन गोष्टी भयपटात इतक्या एकजीव होऊन येतात की प्रेक्षकाला त्या एकच वाटतात. त्या सोडवून पाहिल्या तर पहिली नादातच सापडते. दुसरी मात्र कुठून तरी उसनी आणावी लागते, आणि ती कुठून आणली जाते हे पाहण्यासारखे आहे.

भयाचा भाग त्यातल्या त्यात सोपा, कारण त्याची मुळे शरीरात आहेत. खूप खालचा आणि मोठा आवाज मोठ्या जनावराची किंवा कोसळणाऱ्या दरडीची जाणीव देतो. एकाएकी चढलेला तीव्र आवाज किंकाळीची. दोन स्वर एकमेकांच्या अगदी जवळ असूनही नेमके एक नसले, तर त्यांच्या लहरी एकमेकींत अडकून एक खरखर उठते आणि कान ती झिडकारतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळलेल्या नसताना जी थरथर ऐकू येते, तिच्याच जातीची ही खरखर. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ डॅनियल ब्लूमस्टाइन मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्यांचा अभ्यास करतात. भेदरलेले पिल्लू ओरडते तेव्हा त्याचा आवाज फाटतो, त्यात नियमित स्वर उरत नाही, हे त्यांच्या कानांना परिचयाचे होते. २०१० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १०२ चित्रपटांचे ध्वनी तपासले, तेव्हा भयपटांत अशा फाटलेल्या, किंचाळणाऱ्या आवाजांचे प्रमाण जास्त आढळले. पार्श्वसंगीतकारांनी जीवशास्त्र वाचलेले नव्हते. त्यांना ते कानाने कळले होते.

पण शरीर दचकते एवढ्याने काम भागत नाही. पोलिश संगीतकार क्शिश्तोफ पेंडेरेत्स्की यांनी १९६०च्या सुमारास ५२ तंतुवाद्यांसाठी एक रचना केली. तीत वादक व्हायोलिनच्या घोडीपलीकडे गज ओढतात, वाद्याच्या अंगावर आघात करतात आणि एकमेकांना खेटून असलेले अनेक स्वर एकदम धरून ठेवतात. रचनेचे पहिले नाव होते ‘८ मिनिटे ३७ सेकंद’, म्हणजे नुसती तिची लांबी. नंतर त्यांनीच तिला हिरोशिमाच्या बळींसाठी शोकगीत असे नाव दिले, आणि तेव्हापासून श्रोत्यांना तीत विमानांची घरघर, भोंगे आणि जळणारे शहर ऐकू येऊ लागले. नाद तोच राहिला होता, बदलले होते फक्त नाव. व्हिएन्नाचे समीक्षक एडुआर्ड हान्सलिक यांनी १८५४ मध्येच या गोष्टीचा उलगडा केला होता. संगीत भावनेची गती दाखवू शकते, तिचे चढणे, उतरणे, वेग, आवेग दाखवू शकते. पण ती भावना अमुकच, हे ठरायला विचार लागतो आणि विचार संगीताच्या हाताबाहेरचा. भीती कशाची तरी असते. हान्सलिक यांच्या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ टीका झाली, त्यातली काही रास्तही आहे. परंतु भयपटाच्या पार्श्वसंगीतापुरते त्यांचे म्हणणे खरे ठरते.

भारतीय रसविचार हाच मुद्दा दुसऱ्या अंगाने मांडतो. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचा वर्ण काळा आणि देवता काल सांगितली आहे, तर बीभत्स आणि भयानक या दोन रसांसाठी धैवत हा स्वर योजावा असे म्हटले आहे. (धैवत ऐकून आज कोणी दचकत नाही, यावरूनच अशा कोष्टकांचे आयुष्य किती ते कळते.) खरे विवेचन येते ते इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकांत होऊन गेलेल्या अभिनवगुप्तांकडे. भयानक रसाच्या अनुभवासाठी त्यांनी शाकुंतलाच्या पहिल्या अंकातले हरिण निवडले आहे. दुष्यंताच्या रथापुढे ते जीव घेऊन पळते आहे, पळता पळता मान वळवून मागे बघते आहे, बाणाच्या भयाने अंग आखडून घेते आहे. धाप लागून तोंड उघडे पडले आहे आणि अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर सांडत आहेत. प्रेक्षकाला हे पाहताना जे वाटते ते ‘मला भीती वाटते’ असे नसते, आणि ‘या हरणाला भीती वाटते’ एवढेही नसते. स्थळ, काळ आणि व्यक्ती यांच्यातून मोकळे झालेले ते निव्वळ भय असते. यालाच साधारणीकरण म्हणतात. पैसे मोजून लोक घाबरायला का जातात, या पाश्चात्त्य तत्त्वज्ञांना आजही छळणाऱ्या कोड्याचे हे बहुधा सर्वांत समाधानकारक उत्तर.

पार्श्वसंगीत हे काम जास्त सहजपणे करते. पडद्यावरचे चित्र कोण घाबरले आहे ते दाखवते. संगीताला मुळात ‘कोण’ ठाऊकच नसतो, म्हणून ते तेच भय मालकावाचून प्रेक्षकापर्यंत पोहोचवते. शाकुंतलातल्या त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तिथे भय पुरेपूर आहे, पण दुष्ट कोणीच नाही. मागे लागलेला राजा नाटकाचा नायक आहे. भयानक रस उभा करायला दुष्टत्व लागत नाही, हे अभिनवगुप्तांच्या उदाहरणानेच सिद्ध होते.

‘द ओमेन’ला मात्र ते हवे आहे. रोममध्ये ६ जूनच्या सकाळी ६ वाजता अमेरिकन राजनैतिक अधिकारी रॉबर्ट थॉर्न (ग्रेगरी पेक) याला आपले मूल जन्मतःच गेल्याचे सांगण्यात येते. पत्नीला कळू न देता तो त्याच वेळी जन्मलेले दुसरे बाळ तिच्या कुशीत ठेवतो. हा मुलगा, डेमियन, पुढे ख्रिस्तविरोधक निघतो. या तीन सहांमागचा ६६६ हा आकडा बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकातल्या तेराव्या अध्यायातला आहे. चित्रपटातला धर्मगुरू मोठ्या आवेशाने जे भविष्यपद्य म्हणून दाखवतो ते मात्र बायबलात शोधूनही सापडणार नाही; ते पटकथेसाठी रचलेले आहे.

लहान मुलाचा निरागस चेहरा हेच या चित्रपटाचे भांडवल. डेमियन फारसा बोलत नाही, त्याला करायलाही फारसे काही नाही. तीनचाकी सायकल चालवणारे पाच वर्षांचे पोर सैतानाचे आहे, हे प्रेक्षकाला पटवायचे काम जवळजवळ सगळे संगीतावर पडले. गोल्डस्मिथ यांनी ते कसे केले हे बारकाईने ऐकण्यासारखे आहे. श्रेयनामावलीच्या आरंभी खालच्या सप्तकात, एकेक करून, सावध पावलांसारखे स्वर पडतात. त्यांवर कोरस येतो. सुरावटीचा पल्ला अगदी थोडा, दोन-चार स्वरांत घोटाळणारा, सगळे गायक एकाच सुरात, भाषा लॅटिन, लय प्रार्थनेच्या पठणाची. मग आवाज चढत जातो आणि पितळी वाद्ये व तंतुवाद्ये त्याला चहूबाजूंनी वेढतात. रूप पाहिले तर हे मध्ययुगीन चर्चमधल्या एकसुरी स्तोत्रगायनाचे रूप आहे. शब्द मिस्सेतून, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनाविधीतून, उचललेले आहेत, फक्त उलटे करून. मिस्सेत भाविक ख्रिस्ताच्या शरीराचा आणि रक्ताचा प्रसाद घेतात. इथे तेच खाणेपिणे सैतानाच्या नावाने होते. मरियेला केलेले ‘आवे’ हे अभिवादन इथे सैतानाला केलेले आहे. लॅटिनच्या विभक्ती चुकल्या आहेत हे जाणकारांनी कधीच दाखवून दिले, आणि त्याने काही बिघडले नाही. चित्रपटगृहातल्या माणसाला शब्द कळत नाहीत. हे चर्चचे गाणे आहे आणि त्यात काहीतरी वाईट रीतीने फिरले आहे, एवढे कळते.

पुढे दफनभूमीतल्या कुत्र्यांच्या हल्ल्यात कोरस पठण सोडून तुटक, घशातल्या उच्चारांवर येतो. मानवी आवाजच जनावराच्या आवाजाकडे झुकतो. याच्या जोडीला थॉर्न पतिपत्नींसाठी एक प्रेमळ, ऐसपैस सुरावट आहे. समीक्षकांनी तिची दखल कमी घेतली, पण तिच्यावाचून बाकीचे संगीत उभे राहत नाही. सुरुवातीला ती पूर्ण वाद्यवृंदावर येते. कुटुंब उद्ध्वस्त होत जाते तशी तिची जागा आक्रसते आणि कोरस ती बळकावतो. नाश पावण्यासारखे काहीतरी आधी ऐकवल्याखेरीज नाश ऐकवता येत नाही, हे गोल्डस्मिथ यांना पक्के ठाऊक होते.

इथे संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांची आठवण येणे अपरिहार्य आहे. तरुणपणी सुमारे नऊ वर्षे ते मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथात होते. त्या पंथाच्या मते प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी तत्त्वे आहेत, दोन्ही तितकीच खरी, आणि जग हे त्यांचे रणांगण. ऑगस्टीन यांना हे पुढे पटेना. ‘कन्फेशन्स’च्या सातव्या भागात त्यांनी जो निष्कर्ष मांडला तो ख्रिस्ती धर्मचिंतनाचा पाया झाला. जे जे आहे ते ते, आहे या अर्थाने, चांगलेच आहे. दुष्टत्व ही वस्तूच नाही. चांगल्यातले काहीतरी हरवणे, मोडणे, वाकणे म्हणजे दुष्टत्व. आंधळेपण ही डोळ्यातली एखादी वस्तू नव्हे, दृष्टीचा अभाव आहे, तसेच हे. त्यामुळे दुष्टत्वाला राहायला नेहमी कोणाचे तरी घर लागते. सर्व काही नासले तर नासवणारेही उरणार नाही.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये. पसायदानात ज्ञानेश्वर खळांचा नाश मागत नाहीत. त्यांच्यातला वाकडेपणा गळून पडावा, एवढेच मागतात. वाकडेपणा गेल्यावर जे उरेल ते सरळच असेल, हा विश्वास त्या मागणीत गृहीत आहे. तत्त्वज्ञानाच्या चौकटी दोन्हीकडच्या अगदी वेगळ्या, ज्ञानेश्वर अद्वैती आणि ऑगस्टीन सृष्टिकर्ता देव मानणारे; या एका बाबतीत मात्र त्यांचे पटले असते.

‘द ओमेन’ची कथा मानीच्या बाजूची आहे. तिथे सैतान खरा आहे, वारा-वीज-कुत्री त्याच्या हुकमात आहेत आणि शेवटी विजयही त्याचाच होतो. संगीताची तऱ्हा मात्र ऑगस्टीन यांच्या बाजूची आहे. सैतानाची महती गायची वेळ आली तेव्हा संगीतकाराला सैतानाचे असे काही सापडले नाही. त्याने चर्चचे गाणे घेतले, चर्चची भाषा घेतली, चर्चचा विधी घेतला आणि तो वाकवला. मोडकी मिस्सा ऐकू यायची तर अखंड मिस्सा कुठेतरी असावी लागते.

यावर एक आक्षेप चांगला आहे. बलाढ्य शत्रूदेखील चेष्टा करण्यासाठी नक्कल करतोच. विडंबन केले म्हणून विडंबन करणाऱ्याला स्वतःचे अस्तित्व नाही, असे कसे म्हणता येईल? आक्षेप मान्य करायला हवा: चित्रपटसंगीतावरून विश्वरचनेचा निकाल लावता येत नाही. परंतु प्रश्न मर्यादित ठेवला तर त्याला उत्तर आहे. उसनवारी दोन्ही बाजूंनी होते की एकाच बाजूने, एवढे पाहिले की पुरे. त्याचा उत्तम पुरावा याच चित्रपटमालिकेत आहे. तो शेवटी येईल.

त्याआधी उलट दिशेची काही उदाहरणे पाहणे आवश्यक आहे, कारण ती अधिक गोंधळात टाकणारी आहेत. स्टॅनली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’मध्ये (१९८०) वेडावलेला बाप कुऱ्हाड घेऊन बायकोमुलाच्या मागे लागतो, त्या भागात पेंडेरेत्स्की यांच्या ‘उत्रेन्या’तले तुकडे वाजतात. ही रचना पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेच्या प्राचीन स्लाव्ह उपासनेवर आधारलेली आहे, आणि कुब्रिक यांनी घेतलेले तुकडे तिच्या दुसऱ्या, पुनरुत्थानाच्या भागातले आहेत. येशू कबरेतून उठला या आनंदवार्तेचे संगीत जगभरच्या प्रेक्षकांनी खुनाचे संगीत म्हणून ऐकले आणि कोणाला काही खटकले नाही. पेंडेरेत्स्की स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होते. त्याच कुब्रिक यांच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये (१९६८) काळ्या शिळेभोवती जो गूढ कोलाहल उठतो तो संगीतकार ग्यॉर्गी लिगेती यांच्या ‘रेक्विएम’मधला देवाकडे दयेची याचना करणारा भाग आहे. लिगेती यांचे वडील आणि भाऊ नाझी छळछावण्यांत मेले होते. त्या संगीतातली दयेची हाक कोणी ऐकायची ठरवली तर आजही ऐकू येते. चित्रपट ती ऐकू देत नाही, एवढेच.

सर्वांत लांबचा प्रवास ‘दिएस इरे’ या स्तोत्राचा. तेराव्या शतकातले हे लॅटिन स्तोत्र परंपरेने थॉमस ऑफ सेलानो या फ्रान्सिस्कन साधूच्या नावावर आहे. न्यायाच्या अंतिम दिवसाचे वर्णन करून ते अखेर क्षमेच्या विनवणीवर येते, आणि कित्येक शतके ते मृतांसाठीच्या मिस्सेत गायले जाई. त्याचे पहिले चार स्वर सरगमात लिहायचे तर कोमल ग, रे, कोमल ग, सा. काफीच्या अंगाने कोणी सहज गुणगुणावे इतके साधे. फ्रेंच संगीतकार बेर्लिओझ यांनी १८३० मध्ये आपल्या ‘सिंफोनी फान्तास्तिक’च्या शेवटच्या भागात चेटकिणींच्या मेळ्यासाठी ही सुरावट वापरली, आणि तिथून तिचे चर्चशी असलेले नाते सुटू लागले. विसाव्या शतकात ‘मेट्रोपोलिस’पासून (१९२७) ‘द शायनिंग’च्या सुरुवातीपर्यंत ती मृत्यूची खूण बनून फिरली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या सुधारणांत, १९७०च्या सुमारास, चर्चने हे स्तोत्र मृतांच्या मिस्सेतून काढले. मृत्यूच्या प्रसंगी भयापेक्षा पुनरुत्थानाच्या आशेवर भर असावा, हा त्यामागचा विचार. चर्चने जे भय खाली ठेवले ते चित्रपटांनी उचलले. उचलताना फक्त चार स्वर घेतले. क्षमेची विनवणी पुढच्या कडव्यांत आहे आणि तिथपर्यंत कोणताही भयपट जात नाही.

स्वरांच्या अंगभूत दुष्टपणाविषयीची एक दंतकथाही इथेच निकालात काढावी. षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंतच्या अंतराला युरोपात ‘संगीतातला सैतान’ म्हणत. मध्ययुगात चर्चने या अंतरावर बंदी घातली होती, असे भयपटांच्या चाहत्यांत अजून सांगितले जाते. अशा बंदीला आधार नाही. हे स्वरांतर गळ्याला अवघड आणि तत्कालीन स्वरसंवादाच्या नियमांत न बसणारे, म्हणून गुरुजन ते टाळायला शिकवत. सैतानाचे नाव त्याला पुष्कळ नंतर पक्के चिकटले. तेच अंतर यमनात दर संध्याकाळी घरोघरी गायले जाते आणि यमन शिकणाऱ्या कोणत्याही मुलीला त्यात सैतान भेटलेला नाही. अखंड खालचा षड्ज हॉलिवूडच्या वाद्यवृंदात आला की काहीतरी वाईट घडणार, आणि तंबोऱ्यावर आला की मैफल सुरू होणार. कान तोच असतो, ऐकण्याचे वळण वेगळे.

मग पुनरुत्थानाचे संगीत खुनाला कसे लागू पडले, याचे उत्तर जर्मन धर्मचिंतक रुडॉल्फ ओटो यांच्या १९१७ सालच्या ‘दास हायलिगे’ या ग्रंथात आहे. पवित्राचा मूळ अनुभव नैतिक नसतो, असे त्यांचे म्हणणे. तो प्रथम थरकाप उडवणारा असतो आणि त्याच वेळी खेचून घेणारा. चांगले-वाईट ही भाषा त्यावर मागाहून चढते. ओटो यांनी यासाठी दिलेल्या दाखल्यांत गीतेचा अकरावा अध्यायही आहे. विश्वरूपाच्या जळत्या तोंडांत योद्धे शिरताना पाहून अर्जुन कापू लागतो, आणि नेहमीचे सौम्य रूप दाखव म्हणून गयावया करतो. समोर जे आहे ते दुष्ट नाही, प्रत्यक्ष परमेश्वर आहे. ज्ञानेश्वरांनी या अध्यायाच्या आरंभी शांत आणि अद्भुत या रसांचा मेळ सांगितला, भयानकाला मानाचे पान दिले नाही, ही त्यांची निवडही बोलकी आहे. नरसिंह, काली, काळभैरव यांची पूजा करणाऱ्या समाजाला भीषण म्हणजे दुष्ट हे समीकरण मुळात मान्य नसते. ते समीकरण पक्के व्हायला सैतान लागतो, आणि सैतान एका विशिष्ट धर्मपरंपरेचा आहे.

भारतीय चित्रपटांत याचा पडताळा मिळतो. मुंबईच्या स्टुडिओंतले व्हायोलिन आणि चेलो वाजवणारे कितीतरी वादक, आणि सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक गोव्याहून आलेले होते. गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची परंपरा होती. म्हणजे हिंदी चित्रपटाचा वाद्यवृंद बराचसा चर्चच्या अंगणातून आला, तरी त्याच्याबरोबर सैतान आला नाही. ‘महल’पासून (१९४९) पडद्यावरची भुते विरहाची गाणी गात राहिली. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चे (२०१८) पार्श्वसंगीत व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी नावाजलेल्या येस्पर कीड या डॅनिश संगीतकाराचे आहे, आणि संततधार पावसातल्या त्या कोकणी वाड्याला त्याने दिलेले दाट, काळेकुट्ट अस्तर चित्रपटाच्या यशातला मोठा वाटेकरी आहे. पण तिथले संगीत कोणत्याही पूजेचे विडंबन करत नाही. कथेतला शापित देव हस्तर भयंकर आहे, तरी तिच्यातले पाप त्याच्याइतकेच नायक विनायकरावाच्या लोभात आहे, आणि लोभाला कोरस लागत नाही.

‘द ओमेन’च्या मालिकेतला तिसरा चित्रपट, ‘द फायनल कॉन्फ्लिक्ट’, १९८१ साली आला. संगीत पुन्हा गोल्डस्मिथ यांचेच. डेमियन आता मोठा झाला आहे आणि कथेच्या शेवटी ख्रिस्ताचे दुसरे आगमन होते, त्यामुळे संगीतकारासमोर पहिल्यांदाच दोन्ही पक्ष होते. चित्रपट म्हणून तो सुमारच आहे. शेवटी होणारे ते आगमन पडद्यावर इतके तोकडे दिसते की ते सगळे संगीतालाच तोलून धरावे लागते. गोल्डस्मिथ यांनी ‘आवे सातानी’ बाजूला ठेवले. डेमियनसाठी त्यांनी पितळी वाद्यांची नवी, भारदस्त सुरावट केली आणि ख्रिस्तासाठी कोरस व पूर्ण वाद्यवृंदाचे उजळ, उंच चढत जाणारे संगीत लिहिले. पहिल्या चित्रपटात सैतानाला मिस्सेवाचून गाता आले नव्हते. तिसऱ्यात ख्रिस्ताच्या संगीताने सैतानाकडून काहीही घेतलेले नाही: त्याच्या सुरावटीचा उलटा अवतारही नाही, त्याच्या शब्दांचे खंडनही नाही. देणेघेणे एकाच बाजूचे निघाले, आणि या एका मुद्द्यापुरता निकाल ऑगस्टीन यांच्या बाजूने द्यावा लागतो.